ज्याचं फूल त्याला

भोपळ्याचं मादी फूल सकाळी उमलतं आणि उन्हं चढली की मिटतं, ते कायमचंच. तेवढ्या वेळात त्याचं काय व्हायचं ते होतं. मधमाशीवर सोपवलं तर ती कुठल्या वेलावरचा पराग आणून घालील याचा नेम नाही, आणि ज्यांना माणसाहून जड भोपळे पिकवायचे असतात त्यांना असला वाटेवरचा बाप चालत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी कळीचं टोक पिवळं दिसलं की तिच्यावर जाळीची पिशवी बांधायची, एका नर कळीचंही तोंड दोऱ्याने आवळून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी माशांच्या आधी उठायचं. नराच्या पाकळ्या सोलायच्या, आतली परागाची दांडी मादी फुलाच्या मधोमध हळूच फिरवायची, पिशवी पुन्हा बांधायची. ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलं की लोक एक तर दांडी मोडतात, नाहीतर फूलच.

मास्तरीणबाईंच्या हातून कधीच काही मोडलं नाही. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. नवरा लेडीज टेलर, त्याला सगळे मास्तर म्हणत, म्हणून त्या मास्तरीणबाई. दुकानात मास्तर कापड कापत, मशीन चालवत आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलत. काजं करणं, बटणं लावणं, हातशिलाई आणि गिऱ्हाईक गेल्यावर मास्तरांचं ऐकून घेणं, हे मास्तरीणबाईंकडे. आयुष्यभर काजं केल्यामुळे त्यांच्या बोटांना एक सवय लागली होती. नाजूक वस्तू हातात आली की बोटं आपोआप दबकी होत. तोंड मात्र कधी दबकं झालं नाही, पण तो भाग पुढे येईल.

भोपळ्यांचा नाद मास्तरांचा. त्यासाठी त्यांनी पुस्तकं आणली, माती तपासून घेतली, पडद्यांच्या उरलेल्या जाळीच्या सुबक पिशव्या शिवल्या. सगळं जमलं, एकच गोष्ट जमली नाही. परागाने त्यांना शिंका येत. साध्यासुध्या नव्हेत, एकावर एक अशा माळेने येत, आणि पहिल्याच शिंकेला दांडीवरचा सगळा पराग शेजारच्या मिरच्यांवर जाऊन बसे. पहिल्या वर्षी मिरच्या छान आल्या. दुसऱ्या वर्षापासून मास्तर नाकाला फडकं बांधून लांब नळापाशी बसू लागले आणि काम बायकोकडे आलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण शहराच्या कडेला, कालव्यालगत भोपळा मंडळाची जमीन होती. तिथे सभासदांना पट्टे मिळत ते चिठ्ठ्या टाकून, आणि मास्तरांच्या पट्ट्याला लागूनच जो पट्टा निघाला तो निघाला मास्तरीणबाईंच्या धाकट्या भावाच्या नावाने. भावाची बेकरी होती. पहाटे फुलं उमलायची तेव्हाच त्याचे पाव भट्टीतून बाहेर यायचे, त्यामुळे त्या वेळी त्याला हलता येत नसे. आणि हलता आलं असतं तरी कणीक मळून मळून त्याची बोटं अशी झाली होती की त्यांनी फुलाला हात लावणं फुलाच्या हिताचं नव्हतं. "ताई, तू त्या बाजूला असतेसच, जरा माझंही बघ ना," असं तो एकदा म्हणाला आणि ते 'जरा' मग कधी संपलं नाही. मधलं तारेचं कुंपण ओलांडून मास्तरीणबाई दोन्हीकडचे सोहळे उरकू लागल्या.

एखाद्याला वाटेल, काय प्रेमळ कुटुंब! तर तसं नव्हतं. नवरा आणि भाऊ यांच्यात विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. कित्येक वर्षांत दोघे एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते.

कारण सांगण्यासारखं नाही, पण सांगायलाच हवं. भावाच्या लग्नात मास्तरांनी हौसेने त्याची पँट शिवली. बायकांचे कपडे शिवण्यात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण पुरुषाची पँट हे वेगळं शास्त्र आहे. लग्नाच्या दिवशी फोटोग्राफर म्हणाला, "नवरदेव, जरा वाका, वधूच्या खुर्चीमागे हात टेका." नवरदेव वाकला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. फोटोही त्याच क्षणी निघाला, आणि त्यात नवरदेवाच्या तोंडावर जो भाव आहे तो बघून आजही त्याची बायको हसते.

भाऊ म्हणाला, शिवण कच्ची होती. मास्तर म्हणाले, माप घेताना हा पोट आत ओढून उभा होता. मी मापाप्रमाणे शिवलं, त्याने मापाप्रमाणे राहायला हवं होतं. भाऊ म्हणाला, मी श्वास घेत होतो. मास्तर म्हणाले, मग सोडायचा होतास. त्यानंतर अबोला. खरं म्हणजे शिवणही कच्ची होती आणि पोटही आत ओढलेलं होतं, आणि हे मास्तरीणबाईंनी दोघांनाही तोंडावर सांगितलं होतं, त्यामुळे काही दिवस दोघे त्यांच्याशीही बोलत नव्हते.

तेव्हापासून मास्तरीणबाईंचं आयुष्य दोन ताटांत वाढलं गेलं. घरात काही चांगलं घडलं की ते एकदा नवऱ्याबरोबर साजरं करायचं आणि मग बेकरीच्या मागच्या खोलीत भावाबरोबर पुन्हा. भाचीच्या बारशाला मास्तर आले नाहीत. मास्तरांच्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा भावाने केक पाठवला, पण त्यावर काही लिहिलं नाही. तोच विनोद दोन घरी ऐकायचा, दोन घरी हसायचं. मास्तरीणबाईंना या सगळ्याचा मनापासून वीट आला होता. देवाने वर मागायला सांगितलं असतं तर त्यांनी पैसाअडका मागितला नसता. हे दोन दगड एका बाकावर शेजारी शेजारी बसलेले मला बघू दे, एवढंच मागितलं असतं.

पट्टे शेजारी आल्यावर तर रोजच शोभा. एका कुंपणाच्या दोन बाजूंना दोघे उभे आणि मध्ये ह्या.

"त्यांना सांग, त्यांचा वेल आमच्या हद्दीत आलाय."

"त्यांना सांग ताई, वेलाला हद्द कळत नाही."

"सांग त्यांना, मालकाला कळायला हवी."

"ऐकू येतंय दोघांना," मास्तरीणबाई म्हणत, "मी काय टपाल खात्यात आहे?"

भोपळ्यांचीही गंमत अशी की ते मालकांवर गेले होते. मास्तरांचा वाण झपाट्याने वाढायचा. टेप घेऊन मास्तर रोज माप घ्यायचे, घेर, आडवं आणि उभं, अगदी गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं, आणि आकडा रोज फुगायचा. मग वजनाच्या दिवसाच्या थोडं आधी, कधी आठवडाभर, कधी आदल्या दिवशी, भोपळा तडकायचा. तडकलेला भोपळा काट्यावर चढवत नाहीत, तो मंडळाचा नियम. भाऊ कुंपणापलीकडून कुणालाही उद्देशून न बोलता म्हणायचा, "काही लोकांचं नशीबच असतं. शिवणही उसवते नि भोपळाही."

भावाचा वाण मात्र जाड सालीचा, टणक. कधी तडकला नाही, कधी वाढलाही नाही. मास्तर दुकानात गिऱ्हाइकांना सांगत, "बेकरीवाल्याचा भोपळा म्हणजे कालचा पाव. टिकतो, पण कशासाठी टिकतो ते कळत नाही."

एकाच्या अंगात जे नाही ते दुसऱ्याच्या अंगात भरपूर. ह्या दोन वाणांचा संकर केला तर जे बी होईल ते सोन्याचं, हे मंडळातल्या सगळ्यांना दिसत होतं. त्या दोघांनाही दिसत होतं. पण मंडळाची एक जुनी रीत होती. दुसऱ्याचा नर हवा असेल तर फूल तोंडाने मागायचं, आणि देणाऱ्याने ते स्वतःच्या हाताने तोडून द्यायचं. बिया निघाल्या की अर्ध्या त्याच्या. आणि वजनाच्या दिवशी सगळ्यांसमोर भोपळ्याची आई आधी आणि बाप नंतर सांगायचा. न मागता फूल घेतलं तर पट्टा गेला, वेल उपटला, बिया जप्त. तोंडाने मागायचं म्हटल्यावर अर्थातच दोघांची तोंडं शिवलेली.

त्या वर्षी वेलांना पहिली फुलं लागली आणि एका दुपारी मास्तर दुकानात फारच गोड बोलायला लागले. गिऱ्हाईक नसताना गोड बोलले म्हणजे काहीतरी आहे, हे मास्तरीणबाईंनी ओळखलं. त्यांनी हातातलं काज खाली ठेवलं नाही.

"अगं, तू सकाळी तिकडेही जातेस ना."

"जाते."

"तिकडे नरांची फुलं पुष्कळ असतील."

"असतात."

"एखादं कमी झालं तर कुणाला कळणारही नाही."

मास्तरीणबाईंनी दोरा दाताने तोडला. "अहो, तुम्ही मला माझ्या भावाच्या वाफ्यात चोरी करायला सांगताय?"

"चोरी कसली? माहेरचं फूल आहे तुझ्या. मुलीचा काही हक्क असतो की नाही?"

"मग तुम्हीच मागा जावई म्हणून."

मास्तरांनी लगेच मशीन सुरू केलं, आणि त्यात कापड नव्हतं.

ह्यावर मास्तरीणबाई तिरीमिरीत बेकरीत गेल्या. भावाकडे चार गोष्टी बोलून मन हलकं करावं, असा विचार होता. भाऊ पिठाच्या पोत्यांमागे एकटाच उभा होता. त्याने बहिणीला बघताच खुर्ची पुसली, ताजा पाव कापला, वर लोणी लावलं. हेही गोड चाललंय, हे पाहून त्या खुर्चीच्या कडेवरच टेकल्या.

"ताई, एक काम होतं. भावोजींच्या वेलावर नरांची फुलं..."

"पुष्कळ असतात," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तुला कसं कळलं मी काय म्हणणार ते?"

"मला सगळं कळतं. तुझ्या तोंडाला काय झालंय मागायला?"

"मी? त्यांच्याकडे? सगळ्या वऱ्हाडासमोर माझी..." तो थांबला, कारण पुढचा शब्द बेकरीत बोलण्यासारखा नव्हता. "त्या माणसाकडे मी फूल मागू? त्यापेक्षा भट्टीत उडी घेईन. पण तू बायको आहेस त्यांची. बायकोचा अर्धा हक्क असतो."

लोणी लावलेला पाव तसाच ठेवून मास्तरीणबाई उठल्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत पाणी कमी, चिखलच जास्त. एकाला फूल आणून दिलं तर दुसऱ्याची चोर. दोघांनाही आणून दिलं तर दोन्हीकडची चोर. नाही म्हटलं तर दोघेही महिनाभर तोंड फुगवून बसणार आणि एखाद्याने स्वतःच कुंपण ओलांडलं तर पट्टाच जाणार. घरी जाईपर्यंत त्यांचा राग इतका वाढला होता की त्यातूनच उपाय सुचला. शांत डोक्याने असलं काही सुचत नाही.

दोघांच्या एकेका चांगल्या मादी कळीवर त्यांनी संध्याकाळी पिशव्या चढवल्या. सकाळी मास्तर नळापाशी फडकं बांधून पाठमोरे बसले होते, कारण फुलाकडे नुसतं बघूनही त्यांना शिंक येई. मास्तरीणबाई कुंपण ओलांडून भावाच्या पट्ट्यात गेल्या, भावाच्याच वेलावरचा बांधलेला नर तोडला, पाकळ्या सोलल्या आणि भावाच्याच मादी फुलात फिरवला. मग इकडे आल्या, मास्तरांचाच नर घेतला आणि मास्तरांच्या फुलात फिरवला. ज्याचं फूल त्याला. कुणाचं काही गेलं नाही, कुणाला काही मिळालं नाही. दरवर्षी होतं तेच झालं.

"झालं?" मास्तरांनी लांबून विचारलं.

"झालं."

"त्याचंच ना?"

"ज्याचं हवं त्याचंच," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि हात धुतले. बेकरीतही त्यांनी एवढंच सांगितलं. भावाने त्यांना दोन पाव जास्त बांधून दिले. ते त्यांनी घेतले, आणि घरी जाताना त्यांना जरा लाजही वाटली.

दोन्ही फळं धरली. इथपर्यंत सगळं त्यांच्या हिशेबाप्रमाणे होतं. पुढचं नव्हतं.

भोपळ्याच्या जगात एक गोष्ट नवशिक्यालाही ठाऊक असते. फळ दिसतं ते आईसारखं. बाप कुठलाही असो, त्याचे गुण बियांत उतरतात आणि पुढच्या वर्षीच्या वेलावर दिसतात. मास्तरांच्या पुस्तकांत हे ठळक अक्षरांत छापलेलं होतं. तरी भोपळा डोक्याएवढा झाला तेव्हा मास्तर त्याच्यापाशी उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, इकडे ये. हे इथलं बघ, खालच्या बाजूचं. हुबेहूब तुझ्या भावाचं पोट."

"फळ आईवर जातं ना?"

"जातं गं. मला शिकवू नकोस. पण खाण तशी माती, लपत नाही. बसलाय कसा बघ, ठाम. आमच्या वाणात ही बैठकच नव्हती."

भोपळा जसा वाढला तसे मास्तर त्याच्याशी बोलायला लागले. आधी नुसतं "काय" म्हणत. मग "काय मेहुणेबुवा" म्हणायला लागले. "मेहुणेबुवा, आज ऊन आहे हं," म्हणून त्याच्यावर जुनी चादर ताणत. दरवर्षी ते पाण्याचा नुसता पूर आणत, भोपळा वाढावा म्हणून. यंदा झारी हातात घेऊन विचार करत. "याच्या घरी फार पाणी पाजायची पद्धत नाही. तो बेतानेच घालतो. ह्यालाही बेतानेच घातलेलं मानवेल." आणि बेतानेच घालत.

एका संध्याकाळी मास्तरीणबाई फडकं वाळत घालायला वळल्या तर मास्तर भोपळ्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणत होते, "पोट आत ओढलं होतंस तू. मान्य कर. पण मीही दुहेरी टाका घालायला हवा होता." फडकं हातात तसंच धरून मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य जिवंत माणसासमोर एकदा बोलले असते तर!

पलीकडेही तीच तऱ्हा. भावाच्या भोपळ्याचं नाव भावोजी ठेवलं गेलं होतं. "भावोजींना खायला लागतं," असं म्हणून भाऊ भट्टीतली राख, शेणखत, मासळीचं खत काय काय आणून घालत होता. आपल्या वाणाला त्याने कधी एवढं घातलं नव्हतं. टणक पोराला काय लागतंय, अशी त्याची समजूत. "फिटिंग बघ ताई," तो म्हणायचा, "कुठे सुरकुती नाही. माणूस कसाही असो, हात आहे त्यांच्याकडे." आणि खाणं मिळाल्यामुळे त्याचा भोपळा खरोखरच असा फुगत चालला होता की त्याने जन्मात तेवढा पाहिला नव्हता.

मास्तरीणबाईंची झोप उडाली. हसावं की रडावं तेच कळेना. दोघेही आपापल्याच भोपळ्याच्या प्रेमात पडले होते आणि त्यात दुसऱ्याला बघत होते. खरं सांगावं तर हे प्रेम जागच्या जागी मरणार. न सांगावं तर वजनाचा दिवस येतोय, आणि तिथे बाप सांगायचा असतो. दोघे खोटं बोलून "बाप घरचाच" म्हणाले, तर गंमत म्हणजे ते खरं होईल आणि सगळं निभावेल. मास्तरीणबाईंनी सगळी भिस्त नवऱ्याच्या आणि भावाच्या खोटेपणावर ठेवली. एवढा भरवसा ठेवण्यासारखं त्यांच्यात दुसरं काही होतं असं त्यांना वाटत नव्हतं.

वजनाच्या दिवशी मंडळाच्या मैदानात मोठा काटा मांडला होता. भोपळे ताडपत्रीच्या झोळीत घालून सहा-सहा माणसं उचलून आणत होती. मास्तरांचा भोपळा यंदा तडकला नव्हता. मास्तर त्याच्याभोवती तीनदा फिरले, त्यांनी तो हाताने चाचपून बघितला, आणि मग त्यांचे डोळे भरले. शिंकांमुळे, असं ते म्हणाले. भावाचा भोपळा पहिल्यांदाच मोठ्यांच्या रांगेत ठेवला होता.

मंडळाच्या अध्यक्ष दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. शहरातला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्यासमोर तोंड उघडून बसलेला, त्यामुळे त्यांनी प्रश्न विचारला की लोकांचं तोंड आपोआप उघडायचं. मास्तरांचा भोपळा काट्यावर चढला, वजन पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या.

"आई?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घरचीच. माझा वाण."

"बाप?"

मास्तरीणबाई मनात म्हणत होत्या, बोला हो, घरचाच म्हणा, दोन शब्द आहेत.

मास्तरांनी भोपळ्याकडे बघितलं. "डॉक्टरीणबाई, मी आयुष्यात दुसऱ्याच्या शिलाईवर माझं लेबल लावलं नाही," ते म्हणाले. "बाप माझा नाही. बाप माझ्या मेहुण्याच्या वेलाचा आहे. मी मागितला नाही. चोरून घेतला."

भाऊ गर्दीतून पुढे आला, त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि सगळ्यांना वाटलं आता हाणामारी होणार. तो स्वतःच्या भोपळ्यापाशी जाऊन उभा राहिला.

"ह्याचा बाप भावोजींचा," तो ओरडला. "मीही चोरलाय. ते खरं बोलणार आणि मी खोटा पडणार? जमणार नाही!"

इथे मास्तरांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मेहुण्याच्या डोळ्याला डोळा दिला. पण तिकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती, कारण डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला होता. "दोघांनी कबूल केलंय," त्या म्हणाल्या. "नियम सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही पट्टे परत घ्यावे लागतील. बिया मंडळाकडे."

"थांबा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्या काट्यापाशी कशा पोचल्या हे त्यांनाही कळलं नाही. "ह्यांच्यातला एकही चोर नाही. चोरी करायची अक्कल असती तर आधी तोंडाने मागायची आली असती. दोघांनी मला सांगितलं, आणि मी दोघांना फसवलं. ह्यांचं फूल ह्यांच्याच वेलाचं. त्याचं त्याच्याच. कुंपण ओलांडलं ते फक्त मी, आणि तेही रिकाम्या हातांनी. पट्टा घ्यायचा तर कुणाचा घेणार? मला पट्टाच नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं मैदान हसलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुन्हा लावला तेव्हा त्यांचेही खांदे हलत होते. "दोन्ही वाण शुद्ध," त्यांनी जाहीर केलं. "पुढचा भोपळा आणा." इथे भ्रमाचा भोपळा फुटला असं लिहायचा मोह होतो, पण दोन्ही भोपळे अखंड होते आणि ती त्या वर्षीची मोठीच कमाई होती. पहिला नंबर नेहमीप्रमाणे पोस्टमनचा आला. त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

मास्तर आणि भाऊ दोघेही हसले नाहीत. मास्तर बायकोकडे बघत होते. "म्हणजे मी इतके महिने... स्वतःच्याच भोपळ्याला मेहुणेबुवा म्हणत होतो?"

"आणि मी ह्याला भावोजी," भाऊ म्हणाला. "मासळीचं खत घातलं मी भावोजींना! किती वास येतो त्याला!"

"मासळीचं?" मास्तर चटकन वळले. "कुठून आणलंत? मला कधी मिळत नाही."

"बाजारामागे मिळतं. पण भावोजी, विषय तो नाहीये. बघितलंत ना काय केलं ताईने?"

"मला काय सांगता मेहुणेबुवा, मी संसार केलाय हिच्याशी."

चहाच्या मांडवात दोन बाकं होती. एका बाकावर दोघे जाऊन बसले, पाठ फिरवून. मास्तरीणबाई दुसऱ्या बाकावर बसल्या. त्यांना कुणी ये म्हणालं नाही, चहाही विचारला नाही.

"लहानपणापासून अशीच आहे ही," भाऊ सांगत होता. "माझाच लाडू मला द्यायची, आणि वर म्हणायची, घे, माझ्यातला देतेय. मी आभार मानून खायचो हो!"

"लाडवाचं काय घेऊन बसलात? माझ्या वाढदिवसाला हिने मला नवा कोट दिला. आठ दिवस मिरवला मी. मग खिशात माझाच हरवलेला रुमाल सापडला. माझाच जुना कोट, उलटा करून शिवलेला!"

"आणि तुम्हाला कळलं नाही? तुम्ही टेलर ना?"

"शिलाई फार सुरेख होती," मास्तर म्हणाले, आणि शिलाई म्हटल्यावर दोघांनाही ती लग्नातली पँट आठवली.

ते दोघे एका बाकावर होते. शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ, आणि एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत झालं होतं. मास्तरीणबाईंना इतका आनंद झाला होता की तो तोंडावर दिसू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली होती, पश्चात्ताप झालेल्या माणसाने घालावी तशी. पण बाकावर शांतता पसरली होती, आणि ती शांतता त्यांच्या ओळखीची होती. भावाने कप खाली ठेवला. मास्तर घड्याळाकडे बघू लागले. आता एक उठेल, मग दुसरा, आणि आपापल्या वाटेने जातील.

मास्तरीणबाईंनी घसा साफ केला.

"आणि ते दुकानातल्या पडद्यांचं," त्या मान वर न करता म्हणाल्या, "ते नाही सांगितलंत त्याला?"

मास्तर गर्रकन वळले. "अहो मेहुणेबुवा, ते तर ऐकाच," ते म्हणाले, आणि अजून दोन चहा मागवले.